सुईदोरा, महिना नववा: रफू जमलं, जीन्स दोनदा हरली

नवे कपडे घ्यायचे नाहीत, आहेत तेच दुरुस्त करून वापरायचे, असं जानेवारीत ठरवलं. आधी त्याचा हिशेब. जानेवारीपासून नवे कपडे शून्य. बनियन धरत नाही, तेवढी सूट मी पहिल्याच दिवशी घेऊन टाकली होती. दुरुस्त केलेले कपडे १४. दुरुस्ती फसण्याचे प्रसंग ३, त्यातले दोन एकाच जीन्सचे.

जीन्स मांडीच्या आतल्या बाजूला विरते, हे तुम्हाला सांगायला नको. पहिल्यांदा मी भोकापुरतंच ठिगळ आतून लावून कडेने घट्ट टीप मारली. तीन आठवड्यांत टिपेलगतच कापड गेलं. भोकाभोवतीचं कापडही विरलेलंच होतं आणि सगळा ताण नेमका तिथे आला. दुसऱ्यांदा ठिगळ मोठं घेतलं, पण कोरं, न धुतलेलं. पहिल्याच धुण्यात ते आटलं आणि मांडीवर चुण्याच चुण्या.

आता तिसरा डाव. जुन्या जीन्सच्या पोटरीकडचा तुकडा घेतला, तो आटायचा तेवढा आटून झालेला असतो. चांगल्या कापडावर चारही बाजूंनी दोन-दोन बोटं पुढे नेला आणि कडेच्या टिपेऐवजी ठिगळभर धावदोरा घातला. ओळी मुद्दाम कमीजास्त लांबीवर थांबवल्या, म्हणजे ताण एका रेषेवर येत नाही. पाच आठवडे झाले, रोज सायकल चालवूनही टिकलीय.

ही युक्ती आईची. आधीच्या ठिगळाचा फोटो पाहून तिचा फोन आला, "अरे, गोधडीला घालतो तसा दोरा घाल ना. एक टाका तुटला तर शेजारचे धरून ठेवतात." गेल्या पाच महिन्यांत पाहिलेल्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा हे वाक्य कामाचं निघालं.

रफूची बातमी चांगली आहे. खादीच्या कुर्त्याला उदबत्तीने पाडलेलं भोक, मसुरीच्या दाण्याएवढं. दोरा विकत आणला नाही, कुर्त्याच्याच आतल्या दुमडीतून सूत उसवून काढलं. रफूगारांची जुनी रीत. वाटी उपडी घालून त्यावर कापड धरलं, आधी उभे धागे भरले, मग आडवे, एक वर एक खाली. वळताना दोरा जरासा सैल सोडला, नाहीतर धुतल्यावर जागा आवळते. बायकोला भोक कुठे होतं ते शोधायला लावलं. सापडलं, पण चष्मा लावून.

मागच्या वेळी एकाने विचारलं होतं की नवे कपडे न घेण्याचं हे खूळ डोक्यात शिरलं कुठून. एका पिशवीतून. जुने कपडे पिशवीत भरून मी गोळा करणाऱ्या पेटीत टाकायचो आणि हलक्या मनाने नवे घ्यायला जायचो. मग घानाची राजधानी अक्रा इथल्या कांतामांतो बाजाराबद्दल वाचलं. युरोप-अमेरिकेने दिलेले कपडे तिथे गाठोड्यांनी येतात. लोक त्यांना 'ओब्रोनी वावू' म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्याचे कपडे. शिवणारे, उसवणारे, रंगवणारे हजारो हात त्यातून विकण्याजोगं काढतात, पण गाठोड्यात चिंध्याच निघाल्या तर त्या गटारात नाहीतर समुद्रकिनारी. जानेवारी २०२५ मध्ये या बाजाराचा मोठा भाग आगीत जळाला.

माझी पिशवी काही अक्राला गेली नसणार. फार तर पानिपतला, जिथे जुन्या लोकरीचं सूत काढून स्वस्त ब्लँकेटं विणतात. पण मला आमच्या दारावर येणारी बोहारीण आठवली. साडी उजेडात धरून बघायची, विरलेली दिसली की बाजूला सारायची. एका पातेल्यासाठी आईशी तासभर घासाघीस. ती पेटी मात्र काहीच विचारत नाही.

'एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी' हा आकडा मात्र मी कुणाच्या तोंडावर फेकत नाही. त्यात कापसाच्या शेतावर पडणाऱ्या पावसाचं पाणीही धरलेलं असतं. मध्य आशियातल्या अरल समुद्राला मिळणाऱ्या नद्या कापसाकडे वळवल्या आणि समुद्र आटला, तिथे पाण्याचा हिशेब वेगळा आणि विदर्भातल्या कोरडवाहू कापसाचा वेगळा.

पुढच्या महिन्यात कसरीने खाल्लेला स्वेटर. आणि एक अडचण: ताणल्या जाणाऱ्या जीन्सवर धावदोरा घातला की बसताना कट्कन तुटतो. नागमोडी टाका घालून पाहिला, ठिगळाची कड उचलली जाते. कुणाला जमलं असेल तर दोरा कुठला वापरला ते सांगा.