सीमेवर ताटातूट झालेली मुले आणि अमेरिकेतले जनमत

मेक्सिकोच्या सीमेवरून विनापरवाना आत येणाऱ्या प्रत्येकावर फौजदारी खटला भरण्याचे धोरण २०१८ च्या एप्रिलमध्ये तत्कालीन ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी जाहीर केले. आईबाप कोठडीत गेले की मुलांना त्यांच्यासोबत ठेवता येत नसे, म्हणून त्यांची रवानगी सरकारी निवाऱ्यांत होई. पहिल्यांदाच असे येणे हा इथल्या कायद्यात किरकोळ गुन्हा आहे; त्यामुळे अनेक पालक थोड्याच दिवसांत शिक्षा भोगून सुटले, पण तोवर मुले दूरच्या राज्यांत पोहोचली होती.

जूनमध्ये एक ध्वनिफीत बाहेर आली. तिच्यात मुले आईबापांसाठी हंबरडा फोडत आहेत आणि एल साल्वाडोरची सहा वर्षांची मुलगी, मावशीला फोन लावा म्हणून, पाठ केलेला तिचा नंबर सांगते आहे. त्याच आठवड्यातल्या क्विनिपिॲक विद्यापीठाच्या चाचणीत ६६ टक्के मतदारांनी ताटातुटीला विरोध केला, तर २७ टक्क्यांनी पाठिंबा दिला. रिपब्लिकन मतदारांत मात्र ५५ टक्के बाजूने होते, आणि हा आकडा मला आजही अस्वस्थ करतो. २० जूनला ट्रम्प यांनी माघारीचा आदेश काढला.

आपल्या मराठी मंडळींतही तेव्हा एक सूर ऐकू येई : आम्ही ग्रीन कार्डसाठी वर्षानुवर्षे रांगेत ताटकळतो, मग यांनी घुसायचे कशाला? ही व्यथा खरी आहे, तरी तिची शिक्षा त्या लेकरांना का? जीव वाचवून पळणाऱ्यासाठी अशी रांग नसतेच, आणि विनापरवाना आत आलेल्यालाही आश्रय मागण्याची मुभा अमेरिकेचा कायदा देतो. त्याच उन्हाळ्यात ओरेगॉनमधल्या शेरिडनच्या तुरुंगात आश्रय मागणारे पन्नासहून अधिक भारतीय होते, बहुतेक पंजाबचे. ‘ते’ आणि ‘आपण’ ही विभागणी आपल्याला वाटते तितकी पक्की नाही.

जनक्षोभाने ताटातूट थांबवायला लावली, पण तुटलेली घरे सांधायला न्यायालयच लागले. सॅन डिएगोचे न्यायाधीश डेना सबरॉ यांनी २६ जूनला तीस दिवसांची मुदत दिली, तेव्हा उघड झाले की कोणते मूल कोणाचे याच्या धड नोंदीच सरकारने ठेवल्या नव्हत्या आणि कित्येक आईबापांना मुलांविना मायदेशी धाडलेही होते. तोवर लोकांचे लक्ष दुसरीकडे वळले होते. वकील आणि स्वयंसेवक मात्र ग्वाटेमाला-होंडुरासच्या गावागावांतून त्या पालकांचा माग काढत राहिले, आणि ते काम पुढे कित्येक वर्षे चालले.