१.७ डायॉप्टरचा घोळ

मागच्या वर्षीची केस आहे पण अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकतेय. मी ऑप्टोमेट्रिस्ट. डॉक्टरांच्या खोलीत जायच्या आधी पेशंटची सगळी मोजमापं आमच्याकडे होतात, आणि खरं सांगायचं तर माझा अर्धा दिवस "हनुवटी टेका, कपाळ पुढे, पापणी मिटू नका, मिटू नका... परत घेऊ" एवढंच बोलण्यात जातो.

मुलगा १९ वर्षांचा, आईबरोबर आलेला. केराटोकोनस आधीच माहीत होतं, म्हणजे कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पातळ होत होत शंकूसारखा पुढे येतो तो आजार. हातात आठ महिन्यांपूर्वीचा दुसरीकडचा रिपोर्ट: उजव्या डोळ्याचा केमॅक्स, म्हणजे कॉर्नियाचा सगळ्यात जास्त बाक, ५२.६ डायॉप्टर, जाडी ४६२ मायक्रॉन. मी स्कॅन काढला तर ५४.३ आणि ४४७. आमचे नवे डॉक्टर हुशार आहेत, पण घाई फार. दोन्ही कागद शेजारी धरले आणि म्हणाले, "१.७ ने वाढलंय, १५ मायक्रॉन पातळ झालंय, प्रोग्रेशन आहे, क्रॉसलिंकिंगला टाका." प्रोग्रेशन म्हणजे आजार वाढतोय, आणि क्रॉसलिंकिंग म्हणजे कॉर्निया कडक करून ती वाढ थांबवायची प्रक्रिया. वर्षात १ डायॉप्टर वाढलं की प्रोग्रेशन, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. ते एकाच मशीनवरच्या आकड्यांपुरतं आहे हे मात्र कुणी पाठ करत नाही.

जुना रिपोर्ट प्लासिडोवाल्या मशीनचा होता. त्यात डोळ्यासमोर काळ्या-पांढऱ्या रिंगांची तबकडी येते, तिचं प्रतिबिंब अश्रूंच्या थरावर पडतं आणि कॅमेरा ते वाचतो. शंकू असेल तिथे रिंगा दाटीवाटीने येतात, बघायला फार छान दिसतं, पण मागची बाजू त्याला दिसतच नाही आणि डोळा कोरडा असला की रिंग तुटते. आमचं शाइमफ्लुग. निळ्या प्रकाशाची बारीक फट आणि कॅमेरा डोळ्याभोवती फिरतात, दोनेक सेकंदांत कॉर्नियाचे उभे-आडवे काप मिळतात, पुढची बाजू, मागची बाजू, प्रत्येक जागची जाडी. दोघंही कागदावर 'केमॅक्स' छापतात म्हणून तो एकच आकडा होत नाही.

आणि केमॅक्स म्हणजे काय, तर सगळ्यात वाकडा एक ठिपका. त्रिज्या मिलिमीटरमध्ये घ्यायची आणि ३३७.५ ला तिने भागायचं, ७.५ असेल तर ४५ डायॉप्टर. शंकूच्या टोकावर ६.४ च्या जागी ६.२ मिळाली की झाले तुमचे १.७! ०.२ मिलिमीटरवर मुलाचं ऑपरेशन ठरवायचं का?

जाडीची तर गंमतच. ४६२ हे अल्ट्रासाउंडचं, प्रोब टेकवून साधारण मध्यावर घेतलेलं. आमचं ४४७ सगळ्यात पातळ जागेचं, जी मध्यापासून जरा खाली आणि बाहेरच्या बाजूला होती. आमच्याच स्कॅनवर मध्यावर पाहिलं तर ४५८. म्हणजे जे १५ मायक्रॉन पातळ झाले म्हणत होते त्यातले बरेचसे नुसते जागेतल्या फरकाचे.

मग मला कॉन्टॅक्ट लेन्सचं सुचलं. सेमी-सॉफ्ट, म्हणजे जरा कडक लेन्स वापरत होता, ती शंकूला दाबून ठेवते आणि काढल्यावरही त्याचा परिणाम लगेच जात नाही. कधी काढली विचारलं तर म्हणे काल रात्री. हे मी हनुवटी टेकवायच्या आधीच विचारायला हवं होतं, ही चूक माझीच.

परत दोन स्कॅन घेतले, ५३.५ आणि ५४.९. तोच डोळा, तीच मी, दहा मिनिटांत १.४ चा फरक. शंकू जितका टोकदार तितकं हे जास्त होतं. ओसीटीवर (प्रकाशाने थरांचे काप घेणारं मशीन) सगळ्यात पातळ जागा ४३८ आली, म्हणजे तिसऱ्या मशीनचं तिसरंच, पण त्याचा एपिथेलियमचा, म्हणजे कॉर्नियाच्या सगळ्यात वरच्या थराचा, नकाशा मात्र लाजवाब, शंकूवर ४२ आणि भोवती ६० च्या वर जाड कडं. रंगीत प्रिंट काढून मोठ्या सरांसमोर ठेवली. क्रॉसलिंकिंगला एपिथेलियम खरवडतात, मग रायबोफ्लेविनचे थेंब आणि अर्धा तास यूव्ही, आणि खरवडल्यावर निदान ४०० मायक्रॉन उरायला हवेत, नाहीतर आतल्या पेशींना धोका. ४४७ मधून ४२ गेले की ४०५, ४३८ मधून गेले की ३९६. मशीन कुठलं धरायचं त्यावर तो मुलगा रेषेच्या आत की बाहेर ते ठरणार!

सर म्हणाले, मुलाची परीक्षा झाली की लेन्स दोन आठवडे बंद, मग आपल्याच मशीनवर तीन-तीन स्कॅन, आणि तीन महिन्यांनी परत. मला आतून फार बरं वाटलं, खोटं का बोलू. नवे डॉक्टर काही बोलले नाहीत.

लेन्स काढून आला तेव्हा तिन्ही स्कॅनची सरासरी ५५.०, पातळ जागा ४४६. तीन महिन्यांनी लेन्स तशीच बंद ठेवून आला तर ५६.६ आणि ४३४, मागच्या बाजूचा फुगवटाही वाढलेला. यात शंका घ्यायला जागाच नव्हती. चष्म्यावर तक्त्यातली एक ओळ कमी वाचत होता. टेबलावर एपिथेलियम काढल्यावर जाडी ३८८ भरली, मग पातळ रायबोफ्लेविन घालून कॉर्निया फुगवून ४०० च्या वर आणला आणि केलं. नीट झालं.

बाहेर नवे डॉक्टर एवढंच म्हणाले, "मॅडम, मी म्हटलं होतं." म्हटलं होतं खरं. पण ज्या दोन कागदांवरून म्हटलं होतं त्यांच्यावरून ते म्हणता येत नव्हतं, हे मी आजही त्यांच्याशी भांडून सांगेन. ते मान्य करत नाहीत, आम्ही दोघं आता हा विषय टाळतो.

आईने मात्र सरांना नाही, मलाच गाठलं. "ताई, तेव्हाच केलं असतं तर ती एक ओळ वाचली असती का?" मी म्हटलं, तेव्हा वाढतंय की नाही हे सांगता येत नव्हतं. त्यांनी मान हलवली, पटलं म्हणून नव्हे.

ते दोन्ही कागद अजून माझ्या खणात आहेत. त्या १.७ मधले लेन्सचे किती, मशीनचे किती आणि आजाराचे किती, मी चार-पाच वेळा मांडून पाहिलं, सुटत नाही. जुन्या मशीनवर तो मुलगा तेव्हा परत बसला असता तर कदाचित कळलं असतं. ते त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.