टॅरोचे वर्ग, प्रमाणपत्र आणि आमची वाटचाल

आमच्याकडे आधी टॅरो रीडिंग होतं, म्हणजे चित्रांचे पत्ते मांडून समोरच्याच्या प्रश्नावर बोलणं; वर्ग मागाहून आले. रीडिंगला येणाऱ्यांपैकीच काहीजण "आम्हालाही शिकवा" म्हणू लागले आणि त्यातून पहिली तुकडी बसली. तेव्हापासून चौकशीच्या फोनवर एक प्रश्न हमखास येतो: "सर्टिफिकेट सरकारमान्य आहे ना?"

नाही, आणि कुणाचंच नाही. डॉक्टरला मेडिकल कौन्सिल असते, वकिलाला बार कौन्सिल असते. भारतात टॅरो रीडरसाठी तशी परिषद नाही, परवाना नाही, नोंदणीही नाही. 'इंटरनॅशनल' असं सोनेरी अक्षरात छापलेला कागदही कुठल्यातरी खासगी वर्गाचाच असतो. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं गुमास्ता किंवा उद्यम नोंदणीचं पत्र पाहून लोकांचा समज होतो की ही रीडरची पात्रता आहे. त्या कागदांवरून एवढंच कळतं की इथे एक व्यवसाय चालतो. आमचेही ते कागद आहेत, फाइलमध्ये.

मग शिकायची गरज काय? आमच्या मते पुष्कळ आहे, आणि आमच्या वर्गाला आजचा आकार आला तो याच विचारातून.

पत्ते पाठ करणं हा सोपा भाग. एकूण 78 पत्ते: 22 मेजर अर्काना (मुख्य पत्ते) आणि 56 मायनर (दुय्यम), मायनरचे चार संच, प्रत्येकी 14. आम्ही रायडर-वेट डेक (पत्त्यांची गड्डी) शिकवतो. तो 1909 मध्ये लंडनला निघाला, कल्पना ए. ई. वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. यात मायनरच्या पत्त्यांवरही प्रसंग रंगवलेले आहेत. मार्सेय या जुन्या फ्रेंच डेकमध्ये फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे नाण्यांच्या संचातला पाचवा पत्ता, म्हणजे नुसती पाच नाणी. इथे मात्र बर्फातून चाललेली दोन गरीब माणसं, एक कुबड्यांवर, आणि त्यांच्या डोक्यावर उजळलेली रंगीत काचेची खिडकी. स्ट्रेंग्थ या मेजर पत्त्याचा क्रमांक इथे 8 आणि जस्टिसचा 11. मार्सेयमध्ये नेमकं उलट. मोबाइलवरच्या कीवर्डच्या यादीवरून शिकलेल्यांचा घोटाळा इथेच होतो. यादी एका डेकची, हातात डेक दुसराच.

म्हणून 12 आठवड्यांच्या वर्गात पहिले तीन आठवडे अर्थ सांगायला बंदी असते. पत्ता उचलायचा आणि दिसेल ते बोलायचं. तेरावा पत्ता, डेथ: पांढऱ्या घोड्यावर काळ्या चिलखतातला सांगाडा, खाली पडलेला राजा, हात जोडून उभा असलेला बिशप, गुडघ्यांवर बसलेलं मूल आणि मागे दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य. नवखा माणूस सांगाड्यापाशीच अडकतो आणि तसंच बोलतो. पूर्ण चित्र वाचायची सवय लागली की समोरच्याच्या पोटात गोळा येईल असं वाक्य तोंडून सहसा निघत नाही.

हाताचं कामही शिकावं लागतं. "माझ्याकडे रिव्हर्स्ड पत्ते येतच नाहीत" अशी तक्रार दर तुकडीत असते. नेहमीच्या शफलमध्ये पत्त्यांची दिशा बदलत नाही; अर्धी गड्डी फिरवून मिसळल्याशिवाय उलटे पत्ते येणार कुठून? त्याचा नशिबाशी काही संबंध नाही. उलटे पत्ते वाचायचे की नाही, हे पत्ते कापण्याआधी ठरवायचं. आधी पत्ते पाहून मग ठरवलं, तर रीडर नकळत सोयीचा अर्थ घेतो. केल्टिक क्रॉस या दहा पत्त्यांच्या मांडणीतही हाच धोका. साध्या प्रश्नाला तीन पत्ते पुरतात. दहा मांडले की त्यातला आवडता निवडायचा मोह होतो.

चौथ्या आठवड्यात आम्ही बर्ट्राम फोरर यांचा 1948 चा प्रयोग शिकवतो. या मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांना 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून शब्दशः एकच मजकूर दिला, आणि त्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. यावरून आमची चाचणी: रीडिंगमधलं वाक्य तीन अनोळखी माणसांना ऐकवायचं. तिघांनीही मान डोलावली, तर ते वाक्य वहीतून खोडायचं. "तुम्ही सगळ्यांसाठी करता, पण तुमची कदर होत नाही" हे वाक्य दर तुकडीत खोडलं जातं.

मात्र खरं प्रशिक्षण लागतं ते प्रश्न ऐकून घ्यायला. पत्त्यांना परवाना लागत नाही, पण लोक जे विचारतात त्यातल्या बऱ्याच गोष्टींना लागतो. कोणता शेअर घ्यावा हे पैसे घेऊन सांगायचं, तर सेबीच्या 2013 च्या नियमांप्रमाणे गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी हवी. "ताई, मुलगा होईल का?" हा प्रश्न आम्ही घेतच नाही, गर्भलिंगनिदानाविरुद्धचा 1994 चा कायदा विद्यार्थ्यांनी वाचलेला असावा लागतो. मंत्र-तावीज यांनी आजार बरा होतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखणं हा गुन्हा आहे, चमत्काराच्या नावाखाली फसवणं हाही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. त्यामुळे टेबलावर पत्त्यांशेजारी एक कार्ड कायम असतं: टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक, आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता. जगणं नकोसं झालंय असं कुणी बोललं की पत्ते तिथेच मिटवायचे, हा आमचा नियम. मग तो फोन आपल्यासमोर लावून द्यायचा.

उरलेले प्रश्न वळवून घेता येतात. "नवरा परत येईल का?" याला हो-नाही देणं सोपं आणि घातक, कारण बाई त्या उत्तरावर महिनोन् महिने थांबून राहते. "तो येईपर्यंत मी माझं काय काय सांभाळू शकते?" असा प्रश्न तिच्याच संमतीने, तिच्याच शब्दांत लिहून घ्यायचा आणि मगच गड्डी तिच्या हातात द्यायची. हे वळवणं पुस्तकातून येत नाही. शेवटच्या पाच आठवड्यांत प्रत्येकाला 20 रीडिंग शिक्षकासमोर करावी लागतात, अर्थात क्लायंटची परवानगी घेऊन. प्रश्न, पत्ते आणि बोललेली मुख्य वाक्यं वहीत जातात, नाव जात नाही. तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडून काय नेमकं होतं आणि काय मोघम, ते विद्यार्थ्याने स्वतः तपासायचं. एका तुकडीत आठपेक्षा जास्त जण आम्ही घेत नाही, कारण त्यापुढे इतकी रीडिंग शेजारी बसून ऐकणं जमत नाही. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांच्या 'मास्टर' कोर्सची मागणी बरीच आहे. तो न घेण्याचं कारण हेच.

आमच्या कागदावर 'मास्टर', 'ग्रँडमास्टर' असं काही नसतं. उपस्थितीचे तास, शिक्षकासमोर केलेल्या रीडिंगची संख्या, शिकवलेला डेक आणि खाली एक ओळ: 'हे प्रमाणपत्र शासनमान्य नाही व वैद्यकीय, कायदेशीर किंवा आर्थिक सल्ल्याचा अधिकार देत नाही.' ही ओळ वाचून काहीजण प्रवेश घेत नाहीत. प्रवेशाच्या फॉर्मवर आम्ही ती ठळक अक्षरात छापतो, म्हणजे फी भरण्याआधीच नजरेस पडते.