नव्या सदस्यांचं नाव हिरवं करताना

आमच्या ऑनलाइन समूहात नवा माणूस पहिला प्रश्न विचारायचा आणि जुनेजाणते त्याच्यावर तुटून पडायचे. "हे शंभरदा झालंय, आधी शोधा." की तो माणूस गायब. नियमावली वाढवून उपयोग नव्हता; नवे ती वाचत नाहीत आणि जुन्यांना ती तोंडपाठ असते. शेवटी मॉडरेटर मंडळींनी ठरवलं, नव्यांचं नाव वेगळ्या रंगात दाखवायचं. काम माझ्याकडे आलं.

कल्पना काही आमची नव्हे. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानविषयक चर्चेच्या साइटवर नव्या खात्यांची नावं हिरवी दिसतात. प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांची साइट स्टॅक ओव्हरफ्लोने 2018 मध्ये रंगापेक्षा शब्दांवर भर दिला: 'नवा सहभागी' अशी खूण आणि सोबत याच्याशी नीट वागा, असं सांगणारी ओळ. मला ही दुसरी तऱ्हा जास्त पटली. खूण नव्याच्या नावाला असली, तरी ती वाचायची असते जुन्यांनी.

रंगावरून मात्र बराच खल झाला. लाल म्हणजे थेट इशारा, जणू या माणसाने आधीच काही उद्योग करून ठेवलेत. करड्या रंगात नाव दिसलं की आयडी ब्लॉक झालाय असं वाटतं. हिरव्यावर एकमत झालं, पण भडक हिरवा पांढऱ्या पानावर ठेवून पाहिला तर नाव वाचताच येईना. वेबसाठीच्या सुलभता निकषांत साध्या मजकुराला किमान 4.5:1 इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, लागतो. शुद्ध हिरव्याचा पांढऱ्यावर दीडही भरत नाही. गडद हिरवा घेतला, तर तो डार्क मोडमध्ये बुडाला. शेवटी दोन थीमना दोन छटा ठेवल्या.

तेवढ्यात एका जुन्या सदस्याने कळवलं, "मला तुमचा हिरवा आणि तपकिरी सारखाच दिसतो." लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक कमी नसतात, आणि नुसत्या रंगावर अर्थ सोपवू नये हे त्याच निकषांत लिहिलेलं आहे. म्हणून नावाशेजारी छोटं पान आलं. जपानमध्ये नवशिके चालक गाडीवर हिरवं-पिवळं पान लावतात, 1972 पासून; ते तिथूनच सुचलं.

खरी डोकेफोड पुढे होती: रंग काढायचा कधी? फक्त दिवस मोजले तर स्पॅमवाले आयडी काढून गप्प बसतात आणि रंग उतरला की जाहिराती टाकतात. फक्त पोस्टी मोजल्या तर 'छान', 'सहमत' यांचा पाऊस पडतो. इंग्रजी विकिपीडियावर खातं आपोआप पक्कं व्हायला सहसा 4 दिवस आणि 10 संपादनं, दोन्ही लागतात. आम्हीही दोन्ही अटी लावल्या, आकडे आपल्या वेगाप्रमाणे ठेवले. आणि काहींना पहिल्या दिवसापासून अंगावर शिक्का नको असतो, म्हणून रंग फक्त लॉगिन केलेल्यांना दिसेल असं केलं.

टोमणे पूर्ण थांबले असं नाही. पण हिरव्या नावाखाली आता "शोधा"च्या सोबत निदान जुन्या चर्चेचा दुवा तरी येतो. एक तक्रार अजून येते: पासवर्ड विसरून नवा आयडी काढलेले जुने लोक हिरवे होतात आणि भडकतात. त्यांना सूट दिलेली नाही. ती दिली की प्रत्येक डुआयडी, म्हणजे जुन्याच माणसाने लपून काढलेला दुसरा आयडी, उद्या तेच कारण सांगेल.