विलेमस्टाडमधला आमचा संसार

अमेरिकी पासपोर्टवाले आम्ही दोघे नवरे नेदरलँड्सच्या राज्यातल्या क्युरासाओ या कॅरिबियन बेटावर, विलेमस्टाड या राजधानीत राहतो, म्हणजे दिवसभर समुद्रकिनाऱ्यावर लोळत असणार, अशी पुण्यातल्या नातेवाइकांची पक्की समजूत आहे. प्रत्यक्षात आमचे आयुष्य विजेचे बिल भरण्यात आणि भाजीच्या महागाईवर कुरकुरण्यात जाते. पिण्याचे पाणी इथे समुद्राच्या पाण्यातले मीठ काढून मिळवतात, त्यामुळे भांडी घासताना नळ वाहता राहिला की शेजारच्या आजी खिडकीतूनच दटावतात. आमच्या नात्याबद्दल मात्र त्यांनी कधी चकार शब्द काढलेला नाही.

१२ जुलै २०२४ रोजी नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिल्यावर क्युरासाओ आणि शेजारच्या अरुबा बेटावर समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली. जमैकात मात्र पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारा १८६४ चा ब्रिटिशकालीन कायदा, म्हणजे आपल्या जुन्या कलम ३७७ चा सख्खा भाऊच, अजून टिकून आहे. त्यामुळे तिथे सुट्टीला जायचे ठरले, तर आम्ही खोलीचे आरक्षण ‘मित्र’ म्हणूनच करू, आणि हा हिशेब मला मनापासून खटकतो.

इथे तो करावा लागत नाही. क्वीन एमा हा तरंगता पूल जहाजासाठी बाजूला सरकला, की आम्ही फुकटच्या फेरीबोटीत हातात हात घालून उभे राहतो, आणि लोकांचे लक्ष जहाजाकडेच असते.