शेवाळी हिरवं अंडं

आमच्या ओवळ्याच्या घरामागच्या खुराड्यात आज करड्या तलंगेने (तरुण कोंबडीने) पहिलं अंडं घातलं आणि ते चक्क शेवाळी हिरवं निघालं! तिची आई तपकिरी अंडी देणारी, बाप निळ्या अंड्यांच्या वंशातला. आशा होतीच, तरी हातात घेतल्यावर अंगावर काटा आला.

आई म्हणाली, "नासलंय का गं?" मग फोडूनच दाखवलं. आत नेहमीसारखा पिवळा बलक, आणि कवचाची आतली बाजू फिकट निळी. निळा रंग कवचात आरपार मुरलेला असतो. तपकिरी मात्र कवच तयार होताना अगदी शेवटी, वरच्या थरावर चढतो. दोन्ही एकत्र आले की असा हिरवा.

हा निळा चिलीच्या अरौकाना कोंबड्यांकडून जगभर गेला. एका विषाणूचा तुकडा कधीकाळी कोंबडीच्या डीएनएत शिरला आणि त्यातून हा रंग आला, हे २०१३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. केवढी अद्भुत गोष्ट आहे ही!

रंगाने चव किंवा पोषण बदलत नाही, म्हणून "औषधी" म्हणून चढ्या भावाने विकणं मला पटत नाही. (काळ्या कडकनाथ कोंबडीचं अंडंसुद्धा काळं नसतं, फिकट बदामी असतं.)

ही तलंग जरा मोठी अंडी घालू लागली की ती शेजारच्या काकूंच्या खुडूक (उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली बसवणार आहे. एकवीस दिवसांनी पिल्लं. सगळ्यांकडे निळ्याचा वारसा येईलच असं नाही, तलंगा अंड्यावर आल्या की कळेल. पिल्लं हवी असतील त्यांनी आत्ताच सांगून ठेवा, पण मुंगसापासून वाचवणारं पक्कं खुराडं आधी बांधा.