ॲप निर्दोष होतं

बुधवार रात्र, वडोदरा

आज पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, मुख्य कोडमध्ये मर्ज झाला. मकरपुऱ्याहून घरी पोचेपर्यंत साडेनऊ वाजले, जेवण झालं, आता सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवतो, कारण महिन्याभराने यातलं निम्मं आठवणार नाही.

आमचा बोर्ड ट्रान्सफॉर्मरच्या शेजारच्या पेटीत बसतो, तेलाचं तापमान, लोड करंट असलं मोजतो आणि वर पाठवतो. आत एआरएम प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि लिनक्स. ऑफिसच्या टेबलावर ठेवला की महिना महिना चालतो, साइटवर गेला की पाच-सहा दिवसांत मान टाकतो. लॉगमध्ये दर वेळी तेच, आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, आणि पुढे आमच्या डेटा ॲपचं नाव. मग काय, सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की ॲप मेमरी खातंय, म्हणजे घेतलेली मेमरी परत न सोडता लीक करतंय. ज्या मुलीने ते लिहिलंय ती व्हॅलग्राइंड या लीक शोधणाऱ्या टूलचा हवाला देऊन सांगून दमली, "दादा, व्हॅलग्राइंडमध्ये एक बाइट पण लीक दाखवत नाहीये, आणि ॲप १८ एमबीच्या वर जातच नाही हो." मीटिंगमध्ये तिचं कोणी ऐकेना. उपाय काय निघाला, तर रोज रात्री तीन वाजता बोर्ड आपोआप रीबूट करायचा. "चालशे ने, भाई," म्हणून विषय संपला.

मला हे तेव्हापासून खुपत होतं. रीबूटने मेमरी मोकळी होते हे खरं, पण दुखणं तिथेच राहतं, आणि ठपका एका निर्दोष माणसावर राहतो ते वेगळंच.

ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर हा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, भाग गुन्हेगार शोधत नाही हे लोकांना माहीतच नसतं. मेमरी संपली की तो प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, स्कोअर देतो, साधारण कोणी किती रॅम अडवलीय त्यावर, आणि सगळ्यात मोठा असेल त्याला मारतो. आमच्या बोर्डवर बाकी सगळे चिल्लर प्रोसेस, त्यामुळे १८ एमबीचं ॲपच दर वेळी सापडणार. आणि खरं उत्तर त्याच लॉगमध्ये चार ओळी वर लिहिलेलं होतं! किल्ड प्रोसेसच्या आधी कर्नल सगळ्या मेमरीचा हिशोब छापतो, त्यात स्लॅब अनरिक्लेमेबल हा आकडा ३६ हजारांच्या वर. हा आकडा पानांत असतो, एक पान ४ केबी, म्हणजे जवळजवळ १४० एमबी कर्नलनेच स्वतःसाठी घेतलेली आणि परत न मिळणारी. ॲपचा संबंधच नाही.

यूजर प्रोग्राम कितीही गळका असला तरी तो मेला की कर्नल त्याची पानं गोळा करतो. पण कर्नलच विसरला तर त्याच्यावर कोणी नाही. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात भाडेकरू गेला की मालक खोली ताब्यात घेतो, पण मालकानेच खोलीला कुलूप घालून किल्ली हरवली तर ती खोली गेलीच. इथे किल्ली म्हणजे पॉइंटर, मेमरीतल्या जागेचा पत्ता.

स्लॅबइन्फो ही कर्नलच्या मेमरीची यादी बघितली तर केमॅलॉक-२केचा, म्हणजे २ केबीच्या तुकड्यांचा, आकडा एका दिशेने वर चाललेला, कधी खाली येतच नव्हता. मग केमेमलीक हे कर्नलमधले लीक शोधणारं टूल चालू करून कर्नल परत बिल्ड केला. हे २००९ पासून, २.६.३१ पासून लिनक्समध्ये आहे आणि मला त्याची कल्पना फार आवडते. कर्नलने वाटलेल्या प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवायची, मग सगळी मेमरी चाळायची आणि ज्या तुकड्याचा पत्ता कुठेच सापडत नाही तो हरवला म्हणायचं. दर दहा मिनिटांनी आपणहून चाळतं, घाई असेल तर हाताने पण स्कॅन करता येतं.

पण टेबलावर लीक होईच ना. साइटवर केबल लांब, शेजारी एवढा ट्रान्सफॉर्मर, टेबलावर वीतभर वायर, म्हणजे तिथे विजेचा नॉइज आणि इथे नाही. म्हणून वर्कशॉपमधून ड्रिल मशीन आणलं, केबलचं शील्डिंग सोडलं आणि अगदी लगत ड्रिल चालवत राहिलो, आवाजाने पलीकडच्या केबिनमधून लोक डोकावून गेले. स्कॅन केलं आणि स्क्रीनवर रांग लागली, अनरेफरन्स्ड ऑब्जेक्ट, साइज २०४८, अनरेफरन्स्ड ऑब्जेक्ट, साइज २०४८... प्रत्येकाखाली पहिल्या ३२ बाइट्सचा हेक्स डंप, म्हणजे आतले आकडे जसेच्या तसे, आणि त्यात आमच्या मोजणी चिपचं हेडर ओळखू येत होतं. म्हणजे जे जे रीडिंग बिघडलं होतं ते जसंच्या तसं मेमरीत पडून होतं! बॅकट्रेस, म्हणजे तो तुकडा कोणी मागितला त्याचा माग, थेट ड्रायव्हरच्या, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या कर्नलमधल्या कोडच्या, रीड फंक्शनवर. तिथे २ केबीचा बफर घेतलेला, रीडिंग बरोबर आलं तर सोडलेला, सीआरसी, म्हणजे रीडिंग बिघडलं का ते तपासायचा आकडा, चुकला की मात्र एरर परत देऊन सरळ बाहेर. मिनिटाला दहा रीडिंग बिघडली तरी दिवसाला २८ एमबी जाते, पाच-सहा दिवसांचा हिशोब बरोबर बसला.

इथपर्यंत सोपं होतं, खरी गंमत पुढे. ड्रायव्हर चिप विकणाऱ्यांकडून आलेला, त्यांना कळवलं तर त्यांनी लगेच छोटा पॅच पाठवला, प्रत्येक एरर पाथवर केफ्री, म्हणजे बफर सोडून देणं. सीआरसीच्या पाथवर ते बरोबरच आहे. पण दुसरा पाथ टाइमआउटचा. तिथे ड्रायव्हर वाट बघून कंटाळतो, पण डीएमएला, म्हणजे सीपीयूला न विचारता रॅममध्ये लिहिणाऱ्या हार्डवेअरला, कोणी थांब म्हटलेलं नसतं, तो उशिरा का होईना त्याच बफरमध्ये लिहिणार. तोवर केफ्री झालेली जागा कर्नलने दुसऱ्या कोणाला दिलेली, म्हणजे हार्डवेअर दुसऱ्याच्या डेटावर लिहून मोकळं. लीक परवडला, निदान तो लॉगमध्ये दिसतो तरी. हे असलं झालं तर बोर्ड भलतीकडेच कुठेतरी पडतो आणि कारण कोणाच्या बापाला सापडत नाही.

हे चिपवाल्यांना कळवलं तर "केसॅनमध्ये क्लीन आलंय" असं त्यांचं उत्तर आलं. येणारच, केसॅन हे कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं टूल कंपायलरने घातलेल्या तपासण्यांवर चालतं, सीपीयूवरून होणारं वाचन-लेखन त्याला कळतं, डीएमए परस्पर रॅममध्ये लिहितो ते त्याला दिसत नाही. म्हणून मी स्लबचं, म्हणजे कर्नलमध्ये मेमरी वाटणाऱ्या भागाचं, पॉयझनिंग चालू केलं. त्यात सोडलेला तुकडा ६बी या बाइटने भरून ठेवतात, शेवटचा बाइट ए५, आणि तो परत वाटायच्या आधी भरणा जसाच्या तसा आहे का ते तपासतात. टाइमआउट मुद्दाम कमी केला, परत ड्रिल, आणि थोड्या वेळात आलं, पॉयझन ओव्हररिटन. सगळीकडे ६बी ६बी ६बी आणि मधेच आमच्या चिपचं हेडर. तो डंप तसाच त्यांना पाठवला, मग वाद राहिला नाही.

आता टाइमआउट झाला की आधी डीएमए बंद करायचा, तो खरंच थांबला याची खात्री होईपर्यंत थांबायचं, मॅपिंग, म्हणजे डीएमएला दिलेली बफरची जोडणी, काढायचं आणि मगच केफ्री. दोन्ही पाथ खाली एकाच लेबलवर येतात, गोटू, म्हणजे थेट त्या जागी उडी, वापरून, कर्नलमध्ये साफसफाईसाठी हीच पद्धत आहे आणि ती चांगली आहे. ड्रिल लावून रात्रभर चालवलं, केमॅलॉक-२के जागचा हलला नाही.

तीन वाजताचा रीबूट आज काढून टाकला. तिकिटाचं नाव "डेटा ॲपमध्ये मेमरी लीक" होतं, ते बदलून ड्रायव्हरचं नाव घातलं आणि मीटिंगला जे जे होते त्या सगळ्यांना मेलमध्ये घेऊन कळवलं, कारण ठपका सगळ्यांसमोर ठेवला होता तर तो उतरवायलाही सगळ्यांसमोरच हवा. तिचा रिप्लाय आला, "थँक्यू दादा, आता प्रोब फंक्शन पण बघा ना." बघितलं, चिप सापडली की ड्रायव्हर सुरुवातीला चालवतो ते हे फंक्शन, तिथे पण एक रिटर्न संशयास्पद आहे, उद्या सकाळी त्याच्यापासून सुरुवात.